कौशल्यांच्या सामायिक डेटा सेवेवरील तांत्रिक सल्लागार गट: नव्या सदस्यांसाठी मार्गदर्शक

एका प्रशिक्षण संस्थेच्या अभ्यासक्रमात 'रुग्णाचा रक्तदाब मोजणे' असे लिहिलेले असते, एका रुग्णालयाच्या भरतीच्या जाहिरातीत 'बीपी तपासता येणे आवश्यक' असते आणि एखाद्या उमेदवाराच्या डिजिटल प्रमाणपत्रात त्याच गोष्टीसाठी तिसरेच शब्द असतात. वाचणाऱ्या माणसाला हे तिन्ही एकच आहे हे कळते. संगणकाला मात्र त्या तीन वेगवेगळ्या अक्षररांगा दिसतात. तिघांनीही आपापल्या मजकुराबरोबर एकाच ठिकाणचा, एकच आयडी जोडला तरच त्यांचे म्हणणे एकमेकांशी जुळते, आणि असे आयडी, त्यांमागची विधाने आणि त्यांचे परस्परसंबंध जिथे सांभाळले जातात त्या व्यवस्थेला कौशल्ये व क्षमता यांची सामायिक डेटा सेवा म्हणतात. या सेवेची रचना कशी असावी, तिच्यात बदल कसे व्हावेत आणि तिच्यावर विसंबणाऱ्यांचे नुकसान कसे टाळावे यावर लक्ष ठेवण्याचे काम तांत्रिक सल्लागार गटाचे असते.

अशा गटात येणारी माणसे साधारणपणे तीन ठिकाणांहून येतात: शिक्षण व मूल्यमापन, मनुष्यबळ व्यवस्थापन आणि सॉफ्टवेअर. प्रत्येकाला विषयाचा एक भाग उत्तम माहीत असतो आणि उरलेल्या दोन भागांतील शब्द ऐकूनच दडपण येते. हा लेख त्या सर्वांसाठी आहे. यातील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घेतल्यास पहिल्या काही महिन्यांतच तुमचे मत गटाला उपयोगी पडू लागेल.

पहिली पायरी: गटाची कार्यकक्षा वाचा

गटाचे स्थापनापत्र किंवा नियमावली मागवून घ्या आणि हातात पेन्सिल घेऊन वाचा. 'सल्लागार' या शब्दाचा अर्थ प्रत्येक गटात निराळा असतो. काही गट केवळ शिफारस करतात आणि अंतिम निर्णय सेवा चालवणारी संस्था घेते; काही गटांच्या मंजुरीशिवाय डेटाच्या रचनेत एक रकानाही वाढवता येत नाही. शिफारस फेटाळली गेली तर तिचे कारण लेखी द्यावे लागते का, गणपूर्ती किती, सदस्याचा कार्यकाळ किती, विषयपत्रिका कोण ठरवते आणि तुम्ही दिलेला मजकूर कोणत्या परवान्याखाली प्रसिद्ध होतो, एवढ्या प्रश्नांची उत्तरे तुमच्या वहीत असली पाहिजेत.

याच टप्प्यावर एक भेद मनात पक्का करावा. परिचारिकेला काय यायला हवे, वेल्डरला काय यायला हवे, हे ठरवणे या गटाचे काम नाही. ते त्या त्या क्षेत्रातील व्यावसायिक मंडळे, शिक्षक आणि नियोक्ते ठरवतात. त्यांनी ठरवलेले विधान कोणत्या स्वरूपात साठवायचे, त्याला आयडी कसा द्यायचा, ते बदलले तर जुन्याचे काय करायचे आणि ते दुसऱ्या विधानाशी कसे जोडायचे, हे या गटाचे काम आहे. मी पाहिलेल्या लांबलेल्या बैठकांपैकी बहुतेक या सीमारेषेवरच अडकल्या होत्या.

दुसरी पायरी: एक नोंद हाताने उघडून वाचा

सेवेची ओळख सादरीकरणे पाहून होत नाही. सेवेतील एखादी नोंद कच्च्या स्वरूपात, म्हणजे सहसा जेसन किंवा जेसन-एलडी या संगणकाला वाचता येणाऱ्या मजकुराच्या स्वरूपात, उघडा आणि प्रत्येक रकान्यापाशी थांबा. त्यात आयडी असेल, कौशल्याचे विधान असेल, ते विधान कोणत्या भाषेत आहे याची खूण असेल, प्रकाशक कोण, परवाना कोणता, शेवटचा बदल केव्हा झाला आणि नोंदीची स्थिती काय (मसुदा, स्वीकृत की निवृत्त) हे असेल. त्याखाली संबंध असतील: ही नोंद कोणत्या मोठ्या कौशल्याचा भाग आहे, तिच्या आधी काय यायला हवे, तिची जागा दुसऱ्या कोणी घेतली आहे का. त्यांपैकी एक दुवा धरून पुढच्या नोंदीवर जा, तिथून तिसऱ्या. अशा वीस-पंचवीस नोंदी वाचून झाल्या की कोणते रकाने बहुतेक वेळा रिकामे असतात आणि कोणत्या रकान्यात प्रत्येकाने आपल्या मनाचे भरले आहे, हे आपोआप दिसते. नव्या सदस्याची पहिली उपयुक्त निरीक्षणे बहुधा इथूनच येतात.

त्याबरोबर जगातील दोन-तीन मोठ्या सार्वजनिक रचनांची ओळख करून घ्यावी, कारण चर्चेत त्यांची नावे सतत येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे व्यवसाय वर्गीकरण, म्हणजे इस्को-०८, व्यवसायांची विभागणी १० मोठ्या गटांत करते आणि सर्वांत खालच्या पातळीवर ४३६ गटांपर्यंत जाते. युरोपीय आयोगाची 'एस्को' ही कौशल्ये व व्यवसायांची बहुभाषिक यादी असून तिची पहिली पूर्ण आवृत्ती २०१७ मध्ये आली. तिच्यातील व्यवसाय इस्को-०८ च्या गटांखालीच मांडलेले आहेत. अमेरिकेच्या श्रम विभागाचा 'ओ-नेट' हा डेटाबेस प्रत्येक व्यवसायासाठी कौशल्याचे महत्त्व आणि पातळी असे दोन वेगळे आकडे देतो. शिक्षणक्षेत्रात अभ्यासक्रमातील अपेक्षित क्षमता एका प्रणालीतून दुसरीत नेण्यासाठी वन-एडटेक या संस्थेचे 'केस' हे मानक वापरले जाते. त्याची मांडणी दस्तऐवज, त्यातील घटक आणि घटकांमधील संबंध अशी तीन भागांची आहे. क्षमतांच्या व्याख्या देवाणघेवाणीसाठी कशा लिहाव्यात यावर आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेचे १४८४.२०.३ हे मानकही २०२२ पासून आहे. ही सगळी मानके पाठ करण्याची गरज नाही. कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या मानकात शोधायचे एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे.

तिसरी पायरी: आयडी आणि आवृत्ती यांचा नियम अंगवळणी पाडा

या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असे मला विचारले, तर मी आयडी असे उत्तर देईन. आयडी म्हणजे सेवेने बाहेरच्या जगाला दिलेला शब्द असतो: या खुणेमागे आज जे आहे, त्याचा अर्थ उद्याही तोच राहील. प्रमाणपत्रे, अभ्यासक्रम, भरतीच्या प्रणाली हे सगळे त्या शब्दावर उभे असतात, आणि त्यांपैकी बहुतेकांची आपल्याला कल्पनाही नसते.

हा शब्द मोडतो कसा, ते मी एकदा जवळून पाहिले आहे. मी ज्या गटात काम करत होतो, तिथे एका विधानातील 'पर्यवेक्षणाखाली' हा शब्द अनावश्यक वाटला म्हणून काढण्यात आला. प्रस्तावावर 'संपादकीय दुरुस्ती' असा शिक्का होता, आयडी तोच ठेवला होता आणि चर्चेला पाच मिनिटेही लागली नाहीत. होकार देणाऱ्यांत मीही होतो. परिणाम असा झाला की, ज्यांनी ते काम पर्यवेक्षणाखाली करून दाखवले होते त्यांची आधी दिलेली सर्व प्रमाणपत्रे आता 'हे काम स्वतंत्रपणे करता येते' असे सांगू लागली. प्रमाणपत्रात मजकूर नव्हता, फक्त आयडी होता, आणि मजकूर दर वेळी सेवेकडून येत होता. एका मूल्यमापकाने जुनी छापील प्रत आणि पडद्यावरील मजकूर शेजारी ठेवून विचारणा केली तेव्हा चूक लक्षात आली. आम्ही जुने विधान परत आणले, नव्या विधानाला नवा आयडी दिला आणि दोघांमध्ये संबंध नोंदवला. पण मधल्या काळात ज्यांनी तो मजकूर वाचून निर्णय घेतले असतील त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक बदलाला मी दोन प्रश्न विचारतो. जुन्या विधानाची पूर्तता केलेली प्रत्येक व्यक्ती नव्या विधानाचीही पूर्तता करतेच का? आणि नव्याची पूर्तता करणारी प्रत्येक व्यक्ती जुन्याचीही करतेच का? दोन्ही उत्तरे निःसंशय 'होय' असतील तरच आयडी तोच ठेवावा. शुद्धलेखनाची चूक, विरामचिन्ह, सुटलेली वेलांटी हे बदल या कसोटीला उतरतात. एखादे क्रियाविशेषण काढणे किंवा घालणे, 'ओळखणे' च्या जागी 'वापरणे' करणे, साधनाचे नाव बदलणे हे बहुधा उतरत नाहीत.

विधान दोन भागांत तोडायचे असेल तेव्हा आणखी सावध राहावे. समजा, 'रुग्णाचा रक्तदाब मोजणे' या एका नोंदीऐवजी 'स्टेथोस्कोप व हाताने फुगवण्याच्या पट्ट्याने रक्तदाब मोजणे' आणि 'स्वयंचलित यंत्राने रक्तदाब मोजणे' अशा दोन नोंदी करायच्या आहेत. पहिल्यात कानाने आवाज ओळखावा लागतो, दुसऱ्यात पट्टा योग्य बांधणे आणि यंत्राचे वाचन समजणे एवढेच पुरते. म्हणजे फरक खरा आहे आणि विभागणी योग्य आहे. परंतु जुन्या नोंदीवर प्रमाणपत्र मिळवलेल्या व्यक्तीला यांपैकी काय येते, हे डेटावरून सांगता येत नाही. म्हणून जुनी नोंद पुसू नये आणि तिचा आयडी दोघांपैकी एकीला देऊनही टाकू नये. जुनी नोंद 'निवृत्त' अशी खूण करून वाचता येण्याजोगी ठेवावी, तिच्यापासून दोन्ही नव्या नोंदींकडे संबंध दाखवावेत, आणि जुन्या प्रमाणपत्रांचे काय करायचे ते प्रमाणपत्र देणाऱ्यांवर सोडावे. निवृत्त नोंदीचा पत्ता उघडल्यावर ४०४ म्हणजे 'सापडले नाही' हे उत्तर आले, तर तो सेवेचा दोष समजावा.

चौथी पायरी: मॅपिंगकडे संशयाने पाहायला शिका

दोन याद्यांमधील कौशल्ये एकमेकांना जोडण्याला मॅपिंग म्हणतात. सेवेचे सर्वाधिक कौतुकही त्याचेच होते आणि सर्वाधिक चुकाही तिथेच असतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी डब्ल्यू-थ्री-सी या वेब मानकांच्या संस्थेने २००९ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेली 'स्कॉस' ही शब्दावली वापरतात. तिच्यात नेमकी जुळणी, जवळची जुळणी, अधिक व्यापक, अधिक मर्यादित आणि संबंधित असे पाच प्रकार आहेत. नव्या सदस्याने यातील एक बारकावा लक्षात ठेवायलाच हवा: नेमकी जुळणी साखळीने पुढे जाते, जवळची जुळणी जात नाही. अ आणि ब नेमके जुळतात, ब आणि क नेमके जुळतात, तर अ आणि क देखील जुळतात असे संगणक धरून चालतो. त्यामुळे उत्साहाच्या भरात दिलेली एक चुकीची 'नेमकी जुळणी' दूरच्या दोन याद्यांनाही एकमेकींत मिसळून टाकते. 'ग्राहकांच्या तक्रारींची नोंद घेणे' हे 'ग्राहकांशी संवाद साधणे' याच्या जवळचे आहे आणि ते पुन्हा 'विक्रीसाठी बोलणी करणे' याच्या जवळचे आहे, म्हणून तक्रारी नोंदवणाऱ्याला विक्री जमते असे कोणी म्हणणार नाही. पण साखळी न तोडणारी प्रणाली नेमके तेच म्हणते.

शंका असेल तर जवळची जुळणी द्यावी, हा माझा सल्ला आहे. प्रत्येक मॅपिंगबरोबर ते कोणी केले, केव्हा केले, दोन्ही याद्यांच्या कोणत्या आवृत्त्यांवरून केले आणि माणसाने तपासले आहे की यंत्राने सुचवले आहे, हे नोंदलेले असावे असा आग्रह धरावा. यंत्राने दोन वाक्यांच्या साम्याला ०.९३ गुण दिले, याचा अर्थ ती वाक्ये सारखी दिसतात एवढाच होतो. 'औषध देणे' आणि 'औषध लिहून देणे' ही वाक्येही सारखीच दिसतात.

पातळ्यांचे मॅपिंग हा याहून अवघड भाग आहे. इस्को-०८ मध्ये कौशल्याच्या ४ पातळ्या आहेत, भाषांसाठीच्या युरोपीय चौकटीत ए-१ ते सी-२ अशा ६ आहेत, तर ओ-नेटमध्ये पातळीची मोजपट्टी ० ते ७ अशी आहे. या मोजपट्ट्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. गुणाकार-भागाकार करून एकीचे आकडे दुसरीत बदलण्याचा प्रस्ताव कधी ना कधी येतोच. अशा वेळी प्रत्येक पातळीचे वर्णन शब्दांत शेजारी मांडून दाखवण्याची मागणी करा. वर्णने मांडली की चर्चा आपोआप जागेवर येते.

पाचवी पायरी: पहिला प्रस्ताव लिहा

लिहिण्यापूर्वी मागील वर्षभराची इतिवृत्ते आणि निर्णयांची नोंदवही वाचा, विशेषतः फेटाळलेले प्रस्ताव. तुम्हाला सुचलेली कल्पना तिथे आधीच असण्याची शक्यता बरीच असते, आणि ती का नाकारली गेली हे समजल्यावर एक तर ती सोडून देता येते किंवा अधिक भक्कम करून मांडता येते.

प्रस्तावात आधी अडचण सांगा, मग उपाय. 'स्कीमामध्ये (म्हणजे डेटाच्या रचनेच्या आराखड्यात) भाषेचा रकाना सक्तीचा करावा' असे लिहिण्याऐवजी, अमुक आयडीच्या नोंदीत विधान आहे पण भाषेची खूण नाही, त्यामुळे शोध घेताना ती दुसऱ्या भाषेच्या निकालात येते, आम्ही तपासलेल्या दोनशे नोंदींपैकी इतक्या नोंदींत असे आढळले, अशी सुरुवात करा. त्यानंतर सुचवलेला बदल, तो केल्यास जुन्या नोंदींचे काय होईल, सेवेचा वापर करणाऱ्यांना आपल्या प्रणालीत काय बदलावे लागेल आणि बदल न केल्यास काय बिघडते, हे लिहा. या शेवटच्या दोन गोष्टी नसलेला प्रस्ताव मी तरी अपुरा समजतो.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एका शब्दाविषयी दक्ष राहावे. 'रकाना भरलेला असावा' या वाक्यातील 'असावा' म्हणजे सक्ती, अपेक्षा की नुसता अंदाज? बोलण्यात आवाजाच्या चढउतारावरून ते कळते, नियमात कळत नाही. इंटरनेट मानके लिहिणाऱ्यांनी १९९७ साली आरएफसी २११९ या दस्तऐवजात सक्तीचे, शिफारस केलेले आणि ऐच्छिक यांसाठी ठरावीक शब्द नेमून दिले ते याच कारणाने. मराठी मसुद्यात 'असलाच पाहिजे', 'असण्याची शिफारस आहे' आणि 'असू शकतो' हे तीन शब्दप्रयोग सुरुवातीलाच व्याख्येसह ठरवून घ्यावेत आणि मग मसुदाभर त्यांच्यापासून ढळू नये. तसेच 'कौशल्य', 'क्षमता' आणि 'प्रावीण्य' हे शब्द रोजच्या भाषेत एकमेकांच्या जागी चालतात. डेटाच्या भाषेत चालत नाहीत. तुमच्या सेवेत 'प्रावीण्य' म्हणजे पातळी असेल, तर ते दुसऱ्या कोणत्याही अर्थाने येऊ देऊ नका.

सहावी पायरी: बैठकीत बोलणे आणि निर्णयापर्यंत येणे

पहिल्या दोन बैठकांत प्रश्न विचारावेत, आणि साधे विचारावेत. 'हा रकाना आज कोण वाचतो?' या एका प्रश्नाने अनेक प्रस्ताव सुधारले आहेत.

तांत्रिक गटांत मतदान टाळून सहमतीने पुढे जाण्याची पद्धत रूढ आहे. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरएफसी ७२८२ मध्ये या पद्धतीचे चांगले विवेचन आहे. त्याचा गाभा असा की, प्रत्येक आक्षेप मान्य केलाच पाहिजे असे नाही, पण प्रत्येक आक्षेपाचा विचार होऊन त्याला उत्तर मिळाले पाहिजे. म्हणून कोणी आक्षेप घेतला की किती जण विरोधात आहेत हे मोजत बसू नये. आक्षेप नेमका कशाला आहे ते समजून घ्यावे. एकट्या सदस्याने दाखवलेली तांत्रिक अडचण खरी असेल, तर उरलेल्या सर्वांच्या माना डोलल्याने ती नाहीशी होत नाही. तुमचा आक्षेप ऐकला गेला पण स्वीकारला गेला नाही, तर तो इतिवृत्तात कारणासह नोंदवायला सांगा आणि पुढच्या विषयाकडे वळा.

तुमच्या संस्थेचे उत्पादन एखाद्या निर्णयाने फायद्यात किंवा तोट्यात येणार असेल, तर ते बोलण्यापूर्वीच सांगा. नियमावलीत तसे लिहिलेले नसले तरीही सांगा. याहून सूक्ष्म असमतोल म्हणजे जे बैठकीत नसतात त्यांचा. मोठ्या कंपन्यांकडे बदल राबवायला अभियंते असतात. एखाद्या लहान प्रशिक्षण केंद्राने तीन वर्षांपूर्वी कोणाकडून तरी करून घेतलेली जोडणी अजून चालू असते आणि ती बिघडली तर दुरुस्त करणारा कोणी नसतो. त्या केंद्राचा प्रतिनिधी गटात सहसा नसतो. त्याच्या वतीने प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते.

सातवी पायरी: प्रकाशन, परवाना आणि गोपनीयता

एपीआयच्या, म्हणजे इतर प्रणाली ज्या मार्गाने सेवेकडून डेटा मागवतात त्याच्या, आवृत्तीला तीन आकडे देण्याची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल: जुन्या वापरकर्त्यांचे काम मोडणारा बदल असेल तर पहिला आकडा वाढतो, न मोडणारी भर असेल तर दुसरा, केवळ दुरुस्ती असेल तर तिसरा. डेटाची आवृत्ती आणि एपीआयची आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवाव्यात. जुना एंडपॉइंट, म्हणजे डेटा मागवण्याचा पत्ता, बंद करायचा असेल तर बंद होण्याची तारीख आधीच कळवावी. सर्व्हरच्या उत्तरातच ती तारीख देण्यासाठी आरएफसी ८५९४ मध्ये सोय करून ठेवली आहे.

दुसऱ्या यादीतून विधाने घेताना परवाना पाहावा. उदाहरणार्थ, ओ-नेटचा डेटाबेस क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याच्या ४.० आवृत्तीतील श्रेय देण्याच्या अटीवर वापरता येतो, म्हणजे मूळ स्रोताचा उल्लेख करावा लागतो आणि बदल केला असल्यास तसे सांगावे लागते. परवान्याचा रकाना रिकामा असेल तर 'खुला आहे' असा अर्थ काढू नये.

सेवेत कौशल्यांच्या व्याख्या असतात, माणसांची माहिती नसते, म्हणून गोपनीयतेचा प्रश्नच येत नाही, असे कोणी म्हणाले तर नोंदवह्यांची, म्हणजे सर्व्हरच्या लॉगची, आठवण करून द्या. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या वेळी, कोणती कौशल्ये शोधली गेली यावरून एखादी कंपनी कोणत्या कामासाठी भरती करणार आहे किंवा एखादी व्यक्ती कोणत्या नोकरीच्या शोधात आहे, याचा अंदाज बांधता येतो. लॉग किती दिवस ठेवायचे आणि कोणाला दाखवायचे हे लेखी असले पाहिजे.

कार्यकाळ संपत आला की अपूर्ण प्रस्तावांची यादी नव्या सदस्याकडे सोपवावी. प्रत्येक प्रस्तावासमोर तो कुठे अडकला आहे, कोणाच्या उत्तराची वाट आहे आणि कोणत्या आयडींवर त्याचा परिणाम होतो, एवढ्या तीन ओळी तरी लिहून द्याव्यात, आणि तुम्ही स्वतः तपासलेल्या नोंदींची फाइल तिच्यासोबत जोडावी.